आगेवाल्याची नजर

"मान! मान खाली, जळकोट्या! मान!"

हा आवाज हवालदार बसलिंग यांचा. वेळ पहाटे पाच वाजून दहा मिनिटं, जागा छावणीचं गोल्फचं मैदान. त्या आवाजानं पलीकडच्या तबेल्यातली खेचरं सावधान व्हायची. एका खेचरानं तर सलामी दिली होती. आता राहतो त्या नांदेडात हे कुणी मानत नाही, म्हणून सोडून देतो.

मी फटका मारला आणि मान वर केली. चेंडू उजवीकडे वळून बाभळीत शिरला.

"कुठं गेला?"

"दिसला न्हाई, उस्ताद."

"मग वर काय बघायलास? विमान यायलंय का तुला न्यायला?"

मी जळकोट तालुक्यातला, ते औशाचे. अख्ख्या कंपनीत लातूर जिल्ह्याचे आम्ही दोघंच, म्हणून ते मला गावाच्या नावानं हाक मारायचे आणि मी त्यांना उस्ताद म्हणायचो. ड्युटी असेल तेव्हा ते हवालदार. बाकी वेळ, अकरा वर्षं, पलटण जाईल त्या छावणीच्या मैदानावर ते आगेवाला होते.

आगेवाला म्हणजे काय ते सांगतो. साहेब फटका मारतात. दोन-अडीचशे पावलं पुढं एक माणूस उभा असतो. चेंडू पडला की त्यानं उजव्या हाताचं बोट त्या जागेवर रोखायचं आणि नजर तिथंच गाडून सरळ चालत जायचं. वाटेत काटा येवो, खड्डा येवो, पाणी येवो, खाली बघायचं नाही. पापणी लवली की गवत चेंडू गिळतं. अकरा वर्षांत उस्तादांनी एकही चेंडू हरवला नव्हता. माझी सवय एकाचे चार करून सांगायची आहे, पण हे जसं आहे तसंच सांगतोय.

गवत आम्ही कापायचो, पाणी आम्ही द्यायचो, पिशव्याही आम्हीच वाहायचो. खेळ मात्र सहानंतर, साहेब लोक आल्यावर. त्याआधीचा तासभर आमचा. मोडक्या दांड्याच्या काठ्या घेऊन आम्ही चोरासारखे खेळायचो.

उस्तादांनी पहिले एकवीस दिवस मला चेंडू दिलाच नाही. नुसती काठी फिरवायची. गवताचा शेंडा उडाला पाहिजे, माती उडाली की दहा बैठका. मी इतकी माती उडवली की तिथं विहीर लागली असती. काठी आवळून धरली की ते म्हणायचे, "दुधाचा तांब्या धरतोस तसं धर. सांडायचं न्हाई, अन् गळाबी दाबायचा न्हाई." मग चेंडू आला, पण पाच पावलांवरूनच खळीत घालायचा. रोज शंभर वेळा. "लांब मारायची घाई सगळ्याला आसती. माणूस हरतंय ते ह्या पाच पावलात."

एवढं शिकलो. मान मात्र खाली राहीना. काठी चेंडूवर यायच्या आतच मला माझा पराक्रम बघायचा असायचा. उस्तादांनी चेंडूखाली रुपया ठेवायला सुरुवात केली. फटका मारून झाला की विचारायचे, "छापा का काटा?" मान खाली राहिली असेल तर सांगता येणार. मी अंदाजानं ठोकून द्यायचो, निम्म्या वेळा बरोबर यायचं. चार दिवसांत त्यांच्या ध्यानात आलं. मग चेंडूखाली कधी गुंडी, कधी चिंचोका, एकदा तर बिब्बा. मी छातीठोकपणे म्हणालो, "छापा, उस्ताद!" त्यांनी त्याच बिब्ब्यानं माझ्या कपाळावर ठिपका दिला. त्याची खूण अजून आहे. हवं तर नांदेडला येऊन बघा.

रविवारी ते घरी फोन लावायचे. महानंदा वहिनींशी आधी लेकीचं, मग सोयाबीनचं, मग माझं. "लई बोलतंय अन् मान वर करतंय," एवढं ऐकू आलं की मी बराकीबाहेर जायचो.

दोन वर्षांनी पलटण लाईनवर, म्हणजे सरहद्दीवर गेली. आमच्या पोस्टवर चौदा माणसं. कंपनी कमांडर मेजर साहेब गोल्फचे शौकीन. सामानात लोखंडी टोकाची एक काठी आणि दोन चेंडू घेऊनच ते वर आले. बंकरच्या मागं पलंगपोसाएवढी सपाटी होती. बरं, दोन पलंगपोस म्हणा. ऐंशी पावलांवर जमिनीत दुधाचा रिकामा डबा पुरला, झाली खळी. उजव्या अंगाला पांढरी टेप. टेपेपलीकडं आपल्याच माइन्स, जमिनीत पुरलेले सुरुंग. स्टँडिंग ऑर्डर साफ होती. टेपेपलीकडं गेलेली वस्तू गेली. टोपी असो, चेंडू असो.

पोस्टवरचा फोन आठवड्यातून एकदा. उस्तादांनी वहिनींना डब्याचं आणि टेपेचंही सांगितलं. "आता इथं दिवसाउजेडी खेळायलोत, साहेबासंगं."

त्या दिवशी तीन दिवसांचा पाऊस उघडला होता. दुपारी चार वाजता मेजर साहेब काठी घेऊन बाहेर आले. एक चेंडू आधीच गेलेला, दुसरा शेवटचा. मी नेहमीप्रमाणं बढाई मारत होतो, की गोदावरीच्या ह्या काठावरून त्या काठावर चेंडू टाकीन. साहेबांनी काठी माझ्या हातात दिली.

"चलो जवान, दिखाओ."

इतकी वर्षं साहेबांच्या पिशव्या वाहिल्या, आणि आता साहेब उभे राहून माझा फटका बघणार होते. उस्ताद डब्याजवळ आगेवाला म्हणून उभे राहिले. तिथूनच ओरडले, "मान, जळकोट्या!"

काठी मागं नेली. सगळं बरोबर होतं. दूध सांडलं नाही, गळा दाबला नाही. काठी खाली येत होती आणि मी मान वर केली.

चेंडू उजवीकडे वळला, टेपेवरून गेला आणि पंचवीसेक पावलांवर पडला. उस्तादांचं बोट तिकडं रोखलं गेलं. नजर गाडली गेली. ते चालायला लागले.

पावसानं टेप खाली लोळली होती, चिखलात मिसळलेली. खाली बघितलं असतं तर दिसली असती. आगेवाला खाली बघत नाही. मी ओरडलो, "उस्ताद, टेप!" माझा आवाज इकडच्या डोंगरावरून तिकडच्या डोंगरावर जातो म्हणून मी मिशीला पीळ द्यायचो. त्या दिवशी तो ऐंशी पावलंही गेला नाही.

चार वाजून दहा मिनिटं.

रेडिओ सेटची ड्युटी माझीच होती.

"अल्फा, धमाका कैसा? ओव्हर."

"माइन. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"नाम? ओव्हर."

"हवालदार बसलिंग. ओव्हर."

"वहां क्या कर रहा था? ओव्हर."

मेजर साहेबांनी सेट माझ्या हातातून घेतला. "फेन्स पॅट्रोल. आउट."

मग त्यांनी काठी उचलली आणि बंकरमध्ये नेऊन ठेवली. माझ्याकडं बघितलं नाही. इन्क्वायरीत मला एकच प्रश्न आला. मी म्हणालो, "फेन्स पॅट्रोल, साहेब." गोल्फ हा शब्द कुठल्याच कागदावर आला नाही.

पेटीबरोबर औशापर्यंत मी आलो. उस्ताद लिंगायत, त्यांच्यात मृताला बसवून माती देतात. पेटी उघडायची नाही असा हुकूम होता. घरचे जंगम महाराज माझ्याकडं बघत राहिले. मी हुकूम परत सांगितला. पेटी आडवीच खाली उतरली. गावात कमान उभारली, भाषणं झाली. भाषण करणाऱ्यांपैकी एकाला नावही नीट घेता आलं नाही.

वहिनींनी विचारलं, "कसं झालं, भावजी?"

मी सांगितलं. पॅट्रोलवर होतो, उस्तादांनी मला बाजूला ढकललं. पुढच्या वर्षी पुण्यतिथीला गेलो तेव्हा त्यात गोळीबार आला. तिसऱ्या वर्षी दुश्मन चार होते. मी पेन्शनवर आलो, नांदेडला घर केलं, तोपर्यंत ते सतरा झाले होते आणि उस्ताद अर्धा तास एकट्यानं झुंजले होते. पुण्यतिथीला वहिनींचे शेजारीपाजारी ऐकायला जमायचे. पोरं टाळ्या वाजवायची. वहिनी चहा द्यायच्या आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहायच्या. कधी काही विचारलं नाही. मला वाटायचं, माझी गोष्ट त्यांना पुरतेय.

गेल्या वर्षी इथं नांदेडला एका बिल्डरनं रिकाम्या प्लॉटवर जाळी लावली आणि गोल्फ शिकायची सोय आहे असा बोर्ड ठोकला. फौजेत खेळलोय म्हटल्यावर मला कोच केलं. नवशिके म्हणजे डॉक्टर, वकील, एक सराफ. सगळ्यांना पहिल्याच दिवशी लांब मारायचं. मी त्यांना एकवीस दिवस चेंडू दिला नाही. तांब्या सांगितला. पाच पावलं सांगितली. चेंडूखाली रुपया ठेवला. सगळं उस्तादांचं, कौतुक माझं.

एका सकाळी डॉक्टरांनी काठी मागं नेली, आणि माझ्या तोंडून निघालं, "मान! मान खाली!"

तो आवाज माझा नव्हता. डॉक्टर दचकले. चेंडू जाळीच्या उजव्या कोपऱ्यात गेला.

"सर, मी मान वर केली म्हणून काय झालं एवढं?" डॉक्टर हसत म्हणाले. "जाळी आहे की."

मी टोपी घेतली आणि बसस्टँडला गेलो. लातूरला गाडी बदलली, अडीच वाजता औशाला उतरलो. पुण्यतिथी नव्हती, त्यामुळं जमायला कुणी नव्हतं. वहिनी अंगणात डाळ निवडत होत्या. सूप बाजूला सारून त्या चहाला उठल्या. मी म्हणालो, "चहा नको. बसा."

पहिल्यांदाच लहान गोष्ट सांगितली. दुश्मन नव्हते. पॅट्रोल नव्हतं. डबा होता, टेप होती, शेवटचा चेंडू होता. फटका माझा होता. मी मान वर केली, चेंडू पलीकडं गेला, उस्ताद आणायला गेले. सांगून व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत. इतकी वर्षं मी ती दोन मिनिटं अर्ध्या तासाची करून सांगत होतो.

वहिनींनी सूप परत मांडीवर घेतलं. एक खडा काढला, बाजूला टाकला.

"मला पयल्या दिशीच कळलं व्हतं, भावजी," त्या म्हणाल्या. "तुमी मान वर करताव म्हून ते दर आइतवारी फोनवर सांगायचे."