पारोळ्याचं वंगण: जळगाव ते धुळे, सायकलवर

"वाटेत सायकल बिघडली तर एकटी बाई काय करणार?"

धुळ्याच्या एका शाळा-समितीच्या अध्यक्षांचा हा प्रश्न माझ्या कानावर आला तेव्हा मी पिंप्राळ्यात अंगणात बसून वाटाणे सोलत होते. वाटाणे तसेच राहिले.

प्रश्न विमलबद्दल होता. विमल माझी जुनी विद्यार्थिनी. धुळ्यात आईबरोबर राहते आणि चार मैलांवरच्या खेड्यात मुलींना शिकवते. चालून चालून पाय सुजायला लागले तेव्हा तिनं एक जुनी सायकल घेतली. समितीनं फर्मावलं, सायकल सोडा नाहीतर नोकरी सोडा. मायलेकींचं पोट त्या नोकरीवर आहे, हे समितीला ठाऊक आहे.

मी अध्यक्षांना लिहिलं की मी छप्पन्न वर्षांची, मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून नुकतीच उठलेली बाई, शनिवारच्या सभेला जळगावहून सायकलवर येते. वाटेत काय करते ते समोर सांगेन. उलट टपाली उत्तर आलं: "अवश्य यावे. मात्र बैलगाडीत बसून आलात, तर आमचेच म्हणणे खरे ठरले असे समजू." काय हा उर्मटपणा! पण अट स्वच्छ होती आणि मला ती मान्य होती.

या रस्त्यानं कुणाला जायचं असेल तर माघात जा. पहाटे थंडी असते, पण शेतं मोकळी असतात आणि दुपारचं ऊन सोसतं. लढाईमुळे नवं टायर बघायलासुद्धा मिळत नाही, तेव्हा पंप, ठिगळं, सोल्यूशन, पाने याशिवाय दाभण आणि मेणदोराही घ्या. लोक हसले तर हसू द्या.

शुक्रवारी उजाडताना निघाले. गिरणेच्या वाळूतून सायकल हातात धरून न्यावी लागली. पलीकडे गेल्यावर साखळी खडीसाखर चावल्यासारखी कडकड वाजायला लागली. पाळधीला गुळाचा चहा घेतला आणि तिथंच बसून साखळीची कडी न कडी फडक्यानं पुसली.

एरंडोलच्या अलीकडे कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या नेणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. फांद्या गाडीत असतात आणि काटे रस्त्यावर. काही क्षणांत मागचं चाक फुस्स झालं. नुसतं पंक्चर असतं तर बिघडलं नसतं, पण टायरही बोटभर फाटलं होतं.

मी विहिरीपाशी बसले आणि पाण्याचं घमेलं मागितलं. पाणी भरायला आलेल्या बाया भोवती उभ्या राहिल्या.

"काय शोधी ऱ्हायनात अक्का, पाणीमा?"

"भोक."

ट्यूबमधून बुडबुडे निघाले तशी एक तरुण बाई ओरडली, "दखा वं, चाक दम सोडी ऱ्हायनं!" मग प्रत्येकीला ट्यूब दाबून बघायची होती. मी दाबू दिली. त्यांचं कुतूहल मला अध्यक्षांच्या काळजीपेक्षा कितीतरी निर्मळ वाटलं.

ठिगळ लावून मी टायर शिवायला घेतलं. कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला मोजे रफू करायला लावत आणि टाका वाकडा पडला की बोटांवर पट्टी मारत. त्या वेळी मी मनात त्यांना जे म्हणत असे ते इथे छापण्याजोगं नाही. पण एरंडोलला टाका सरळ पडला. आतून जुन्या बुटाचं कातडं बसवलं.

"हाऊ तं गोधडीना टाका शे!" एक म्हातारी म्हणाली, आणि तिनं दोरा ओढून बघून पसंतीही दिली.

पद्मालयाच्या गणपतीला जायचा मोह झाला, पण शनिवार दुसऱ्या दिवसावर आला होता. संध्याकाळी पारोळ्याला पोचले. तिथं माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांकडे मुक्काम होता. सगळे त्यांना आबा म्हणतात. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भाजलेल्या वांग्याचं भरीत इतकं झणझणीत होतं की डोळ्यांतून पाणी आलं. ते मी कौतुकाचं म्हणून खपवलं.

सकाळी सायकल पाहिली तर काळी कुळकुळीत चमकत होती.

"ती लई कुरकुर करे व्हती," आबा अभिमानानं म्हणाले. "पाहुनाना बैलले चारा आन गाडीले वंगण, हाई आमनी रीत. तुम्हनी गाडीले बैल नहीत, म्हनीसन वंगण दोनदाव लायं!"

वंगण म्हणजे एरंडेल आणि काजळी. मी मनापासून आभार मानले. सायकल खरोखर आवाज न करता पळू लागली. मी तर गुणगुणतही होते. आबांनी फिरतं म्हणून जे काही दिसलं त्या सगळ्याला वंगण दिलं आहे, हे मला फागणे गावाच्या अलीकडच्या उतारावर कळलं. मी ब्रेक दाबला. रिम बुळबुळीत, ब्रेकचे रबर बुळबुळीत. ब्रेक दाबून काही होईना, सायकल आपली पळतच होती. समोर कापसाची गाडी आडवी येत होती. मी हँडल वळवलं आणि नांगरलेल्या काळ्या रानात घुसले.

गुडघा सोलवटला. हँडल एकीकडे, चाक दुसरीकडे. पुढचं चाक फिरताना चिमट्याला घासत होतं.

कापसाच्या गाडीचे गाडीवान धावत आले; नाना त्यांचं नाव, हे मागून कळलं. मला फार लागलं नाही ना, ते बघून म्हणाले, "बठा गाडीवर. धुयालेच जाणं शे."

मऊ कापूस होता. गुडघा ठणकत होता. खरं सांगते, मी क्षणभर त्या गाडीकडे बघत राहिले. मग त्यांना सगळी हकिगत सांगितली.

नानांनी तंबाखू थुंकली. "तो अध्यक्ष शे ना, त्यानी गाडी कधी मोडनी नही का?"

इतका साधा प्रश्न मला जळगावपासून सुचला नव्हता!

चाक गुडघ्यांत दाबून मी हँडल सरळ केलं. तारा एकेक करून आवळल्या-सैल केल्या, तेव्हा चाक घासायचं थांबलं. नानांनी गाडीतला कापूस ओंजळीनं दिला. त्यानं आणि कोरड्या मातीनं मी दोन्ही रिमा आणि रबर पुसून काढले. पांढरा कापूस कोळशासारखा झाला. नाना पुढे निघाले, पण फागण्यापर्यंत दर थोड्या वेळानं मागे वळून बघत होते.

सभा सुरू झाली होती. लुगड्यावर वंगण, तारांमध्ये कापूस, अशी मी दारातून सायकल घेऊनच आत शिरले. विमल कोपऱ्यात उभी होती. तिच्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही.

"मग," अध्यक्ष म्हणाले, "बिघडली का वाटेत?"

"दोनदा. शिवली, सरळ केली आणि आले. आता मी विचारते. आपली ती दारातली मोटार कधी बंद पडली नाही का?"

एका सभासदाला खोकला आला. दुसऱ्यानं पागोटं सावरलं. दिवाळीत अध्यक्षांची मोटार बैल जुंपून घरी आणली होती, हे मला ठाऊक नव्हतं. सभेला ठाऊक होतं.

अध्यक्षांनी समोरची वही मिटली. "ठीक. पावसाळ्यापर्यंत चालू द्या. चिखलात काय करणार, ते तेव्हा पाहू."

परत चाळीसगावमार्गे आगगाडीनं आले, सायकल गार्डच्या डब्यात. पिंप्राळ्याला पोचून लुगडं तीनदा धुतलं. डाग गेला नाही.

अध्यक्षांच्या प्रश्नातली चूक मला आता नीट दिसते. बाई काय करणार हा पुढचा मुद्दा. मुळात ती या रस्त्यावर एकटी राहतेच कुठे? माझी अडचण मदतीला कुणी आलं नाही ही नव्हती. आले ते फार मन लावून आले, ही होती. आणि आबांच्या वंगणानं चाक इतकं हलकं फिरतं की नुसतं बोटानं ढकललं तरी बराच वेळ थांबत नाही.

चिखलातही ते असंच फिरायला हवं. आबांकडून वंगणाचा डबा मागवला आहे. आषाढात समितीची सभा आहे म्हणतात. रिमा मात्र मी स्वतः पुसणार.