सात नंबरची भिंत

आमच्या बाबांना कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे पेंटर म्हणतात. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे बोर्ड, गाड्यांचे नंबर, ‘येथे वाहने लावू नयेत’, असलं सगळं रंगवण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. त्यांच्याबरोबर रस्त्याने चालणं ही एक शिक्षाच असते. बाकीची माणसं समोर बघून चालतात, बाबा वर बघून चालतात. दिसेल ती पाटी मोठ्यांदा वाचतात आणि जागच्या जागी तिचा पंचनामा करतात. “हे बघ, शेवटी जागा पुरली नाही म्हणून अक्षरं कोंबलीत. बाकावर सातवा माणूस बसवल्यासारखी.” दोनदा खांबावर आपटलेत, पण सवय गेली नाही.

त्यांच्या धंद्याचे नियम दोन. पहिला, मजकूर हातात आला की तो दोनदा मोठ्यांदा वाचायचा आणि मगच भिंतीला हात लावायचा. दुसरा, पेंटरने मजकुराशी भांडायचं नाही. दूधवाल्याच्या दुधात पाणी किती हे रोज चहा पिणाऱ्या आम्हाला चांगलं ठाऊक होतं, पण त्याच्या पाटीवरचं ‘शुद्ध’ बाबांनी असं देखणं काढलं की दूधवाल्यालाही क्षणभर खरं वाटलं असेल. पुढे कोपऱ्यावर मशीनने अक्षरं कापून देणारं दुकान निघालं. उद्घाटन तोंडावर आलं तरी मशीन काही पोचेना, म्हणून त्यांची पाटीही बाबांनीच रंगवली. ‘आता हाताने रंगवायची गरज नाही’ हे वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने, पिवळ्यावर लाल, अगदी मजेत काढलं. मी म्हटलं, “बाबा, हा आपल्याच पायावर धोंडा आहे.” तर म्हणाले, “धोंडा त्यांचा. अक्षर माझं.”

मशीन कानामागून आलं आणि तिखट झालं. दोन-तीन वर्षांत बाबांचं काम निम्म्यावर आलं.

आई गेली तेव्हा ताई नऊ वर्षांची होती आणि मी पाच. आमच्या वेण्या बाबाच घालायचे. शाळेत माझ्या केसांना टर्पेंटाइनचा वास येतो म्हणून शेजारची मुलगी नाक धरायची. ब्रश धरायला त्यांनी आम्हा दोघींना एकाच वेळी शिकवलं, अंगणातल्या काळ्या फरशीवर, नुसत्या पाण्यात बुडवून. वाळलं की पाटी कोरी. एका बाबतीत मात्र ते कडक होते. ब्रश धुतल्याशिवाय झोपायचं नाही. ताई बारा वर्षांची असताना तिने तीन ब्रश रंगासकट तसेच टाकले आणि ते सकाळी दगड होऊन बसले. बाबा चिडले आणि त्यांनी ते कचऱ्यात फेकले. ताई दिवसभर रडली. संध्याकाळी त्यांनी तिच्या उशीवर तीन नवे ब्रश ठेवले. त्यातला एक त्यांच्या स्वतःच्या डब्यातला होता, ज्याला ते कोणाला हात लावू देत नसत.

ताईचा हात बाबांच्याही पुढे गेला. विद्यापीठात तिला चित्रकलेला प्रवेश मिळाला. मला कोणी अडवलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाटायचं मी मत्सराने लिहिते आहे. मत्सर आहेच थोडा. पण शिक्षणात माझं डोकं चाललं नाही. मी बाबांच्या हाताखाली, ओळ सरळ यावी म्हणून भिंतीवर ताणायचं खडू लावलेलं सूत धरायला लागले.

ताईला सकाळी चित्रकला असायची आणि दुपारी एक वेगळाच विषय, ‘कलाकारांसाठी व्यवहार’. चित्र काढणं वेगळं आणि ते लोकांपर्यंत नेणं वेगळं, ते दुसरं शिकवायचं, असा तो प्रकार. बाबांना या विषयाचं केवढं अप्रूप! ते म्हणाले, “आम्हाला हे कोणी शिकवलं असतं तर मी इतका भोळा राहिलो नसतो.” रोज संध्याकाळी ताई आली की बाबा पाण्याचा तांब्या घेऊन यायचे आणि तो तिच्या हातात द्यायच्या आत त्यांचा प्रश्न यायचा, “आज काय शिकवलं?” आणि खुर्चीवर बसून ती सांगायची. गिऱ्हाइकाशी कसं बोलावं. घाईत हो म्हणू नये. ठरलं ते कागदावर घ्यावं. एकदा तिने सांगितलं, मजकुरावर देणाऱ्याची सही घ्यायची, म्हणजे मागाहून कोणी ‘असं नव्हतं सांगितलं’ म्हणू शकत नाही. बाबांनी दुसऱ्या दिवशी फाइल आणली. तेव्हापासून सहीशिवाय एक पाटी रंगवली नाही. पानवाल्याचीसुद्धा सही घेतली. तो बिचारा हसत होता. बाबा गंभीर होते. “मुलगी शिकते आहे माझी,” असं त्यांनी त्याला सांगितलं.

शेवटच्या वर्षाला प्रदर्शन असतं. बारा मुलं, बारा भिंती. प्रत्येक भिंतीवर एक चित्र आणि शेजारी मोठ्या अक्षरांत चित्रकाराची तीन ओळींची गोष्ट. व्यवहार शिकवणाऱ्या सरांनी ठरवलं की अक्षरं मशीनची नकोत, हाताने रंगवलेली हवीत, त्याने वजन येतं. विभागातला कारकून बाबांना ओळखत होता. काम आलं. बाबा इतके हरखले की दिवसभर शीळ घालत होते. “ताईला सांगायचं नाही,” त्यांनी मला दटावलं. “भिंतीसमोर उभी राहील आणि हात ओळखेल. बघू तरी ओळखते का.” कारकुनाला त्यांनी एकच अट घातली. प्रत्येक मजकुराखाली त्या त्या मुलाची सही हवी.

भिंती करायच्या म्हणून मुलांना दोन दिवस सुट्टी होती. रिकाम्या दालनात आम्ही दोघंच. कारकुनाने बारा कागद दिले आणि तो गेला. मी सूत धरत होते, बाबा खडूने आखत होते. कोणी लिहिलं होतं आजोळची विहीर कशी बुजली, कोणी लिहिलं होतं मला निळा रंग दिसत नाही. बाबा प्रत्येक कागद दोनदा वाचायचे आणि ‘वा’ म्हणायचे. पहिल्या दिवशी सहा भिंती झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातवा कागद हातात आला. खाली ताईचं नाव बघून त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला, घसा साफ केला आणि शाळेतल्या मुलासारखे ताठ उभे राहून वाचायला लागले.

“माझ्या वडिलांनी माझे ब्रश जाळले. त्या दिवशी मी चुलीतला कोळसा उचलला आणि भिंतीवर पहिलं चित्र काढलं. मी अजून त्याच भिंतीसमोर उभी आहे.”

रिकाम्या दालनात आवाज घुमतो. तो विरला. मग त्यांनी तोच मजकूर दुसऱ्यांदा वाचला, कारण नियम तसा होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. “बाबा, चला. आपण हे नाही करायचं. आपल्या घरात चूल तरी कधी होती का?”

“टाकले होते,” बाबा म्हणाले, माझ्याशी नव्हे, कागदाशी. “जाळले नव्हते. वाळून दगड झाले होते.” मग खाली बोट ठेवलं. “सही तिचीच आहे.”

“असू दे सही! मी जाऊन तिला विचारते.”

“सूत धर.”

“बाबा...”

“सूत धर म्हटलं ना.”

मी धरलं. सूत दोनदा वाकडं बसलं, दोन्ही वेळा त्यांनी पुसून पुन्हा मारायला लावलं. आणि मग त्यांनी ती तीन वाक्यं काढली. मी त्यांच्या हाताखाली तीन वर्षं काम केलंय, पण असं काम बघितलं नाही. कुठे घाई नाही, कुठे थरथर नाही, प्रत्येक अक्षराला पुरेशी जागा. ‘वडिलांनी’ या शब्दापाशी मला वाटलं ते थांबतील. थांबले नाहीत. बारा भिंतींत सगळ्यात सुरेख भिंत ती झाली, आणि याचा मला आजही राग येतो.

तिसऱ्या दिवशी ताई विद्यापीठात गेली आणि दुपारीच परत आली. दारात उभी राहिली. चेहरा पांढराफटक. हात ओळखला होता तिने. बाबा गाडीचा नंबर रंगवत बसले होते.

“अक्षरं... तुम्ही?”

“हो,” बाबा वर न बघता म्हणाले. “ओळ सरळ आली आहे ना?”

“आली आहे.”

“मग झालं.”

मी मात्र तिला मोरीत गाठलं. मला सोडवेना. ती रडत होती, पण मला तिच्या रडण्याची कीव आली नाही. ती म्हणाली, “मी आधी खरं लिहिलं होतं गं. माझे वडील पाट्या रंगवतात, ब्रश धरायला त्यांनी शिकवलं. सरांनी वर शेरा मारला, यात संघर्ष कुठे आहे? तीनदा परत पाठवलं. शेवटी म्हणाले, आठवून बघ, घरी कधीतरी कोणीतरी अडवलं असेलच.”

“आणि तुला ते ब्रश आठवले.”

“बाबांना काय कळणार होतं? ते प्रदर्शनं बघायला जातात का कधी?”

“ब्रशचं सोड,” मी म्हटलं. “तू बाप जाळलास.”

तिने तोंडावर पाणी मारलं. “आठच दिवस आहे ते. मग भिंत पुन्हा पांढरी करतात.” उद्घाटनाला अजून एक अख्खा दिवस होता. बाबा वरून पांढरा हात मारून दुसरं काढून देऊ शकले असते. तिने एकदा म्हणायचा अवकाश होता. मी वाट बघत राहिले, आणि मला वाटतं बाबाही बघत होते, कारण त्या दिवशी त्यांनी पांढऱ्या रंगाचा डबा दाराशीच ठेवला होता. ती काही म्हणाली नाही.

उद्घाटनाला बाबा इस्त्रीचा सदरा घालून गेले. अक्षरं काढणाऱ्यालाही बोलावलं होतं. ताईच्या भिंतीसमोर गर्दी होती. चित्र चांगलंच होतं, खोटं कशाला बोलू. सगळा काळोख आणि त्यात हाताएवढी उजेडाची एक चौकट. एक वयस्क बाई बराच वेळ तिथे उभ्या होत्या. आधी भिंतीवरचा मजकूर वाचायच्या, मग चित्र बघायच्या, मग पुन्हा मजकूर. त्यांनी ताईचा हात हातात घेतला आणि विचारलं, “आता बोलतात का गं वडील तुझ्याशी?”

ताई म्हणाली, “फारसं नाही.” मी चार हातांवर होते. बाबा माझ्या शेजारी.

तेवढ्यात व्यवहाराचे सर बाबांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना पुढे घेऊन आले. “आणि ही सगळी अक्षरं या पेंटरबुवांनी हाताने काढलेली आहेत, बरं का!” त्यांना काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर कदाचित आणखी आवडलं असतं.

बाईंनी बाबांकडे बघितलं. डोळे भरलेलेच होते त्यांचे. “हे असलं लिहिताना तुमचा हात कसा चालला हो? तुम्हाला आहेत का मुली?”

ताई समोरच उभी होती. तोंड उघडायला तिला पुरेसा वेळ होता. ‘हेच माझे बाबा’, तीन शब्द. तिने मूग गिळले. खाली, स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली.

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “एक आहे,” ते म्हणाले. “ही.”

चित्राखाली विकल्याचा लाल ठिपका लागला. टाळ्या झाल्या. आम्ही दोघं चालत घरी आलो. वाटेत बाबांनी एकही पाटी वाचली नाही.

ताई आली तेव्हा बाबा बारा कागद क्रमाने लावून फाइलला भोकं पाडत होते. ती पायांशी बसली. “बाबा, माझं चुकलं. पण तुम्ही एक का म्हणालात?”

बाबांनी सातवा कागद काढून तिच्यापुढे धरला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “हा मजकूर. ही सही. यातल्या बापाने पोरीचे ब्रश जाळलेत. मी कोणाचे जाळले नाहीत. म्हणजे ही मुलगी दुसऱ्या कोणाची तरी.”

“बाबा, असं नका बोलू!”

“मी भांडत नाही बाळ,” ते म्हणाले. “पेंटरने मजकुराशी भांडायचं नसतं.” आणि कागद जागच्या जागी लावून त्यांनी फाइल बंद केली.

या गोष्टीला वर्ष होईल. ताईची आता बाहेरही प्रदर्शनं होतात. घरी बोलणंचालणं सगळं आहे. बाबा तिला जेवायला हाक मारतात, ताप आला तर कपाळावर हात ठेवतात. पण संध्याकाळी ती आली की पाण्याचा तांब्या मी देते. ती त्याच खुर्चीवर बसते, आणि चपला काढून झाल्यावरही बराच वेळ उठत नाही. बाबा समोर असतात. आज काय झालं, हे ते विचारत नाहीत.