हिराकाकीची टोपली

शिरगावची हिराकाकी दरवर्षी आपल्या चिंबोऱ्यांच्या टोपलीची कडी बदलायची आणि कुणी ती उघडली की खूश व्हायची. हे खेकडे बाजाराच्या दिवसापर्यंत जिवंत राहावेत म्हणून ती झाकणाची टोपली खाडीत बुडवून ठेवी. चोर एकच, फाटक्या कानाची पाणमांजर. एका वर्षी झाकणाला खिट्टी, पुढच्या वर्षी सुंभाचा फास, मग आडव्या दांडीचा आडणा. पाणमांजर दोन-चार दिवस झटायची आणि जिंकायची. "डोकं हाय तिला," काकी शेजारणींना ऐकवायची, "तुमच्या जावयांपेक्षा जास्ती."

ऐंशीच्या दशकात मी पालघरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. शिरगावला माझं येणंजाणं असे; काकीचं हे माझ्याकडून ऐकून आमचे विभागप्रमुख हसले. म्हणाले, योगायोग आहे, जनावराला कसली आठवण. मी ते तसंच काकीला सांगितलं आणि ती भडकली. "तुमच्या सायबाला सांगा, ये न् बस हितं चिखलात."

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की काकीची टोपलीही आढ्याला टांगली जाई. त्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर तिनं मुद्दाम तीन वर्षांपूर्वीची खिट्टी लावली. फाटक्या कानाची आली आणि इकडंतिकडं न चाचपता तिनं थेट खिट्टी फिरवली. साहेब काही बघायला आले नाहीत.

त्याच वर्षी पाणमांजरांनी जाळी फाडली. मासळीत विष घालून त्यांना मारायचं गावानं ठरवलं. सगळ्यात मोठा आवाज धर्मा नावाच्या कोळ्याचा, त्याची दोन जाळी गेली होती. बैठकीत काकी उभी राहिली. "माझी टोपली जाळ्यांच्या आदी, खाडीच्या तोंडाला बांदते. खिट्टी तीच. ही सोपी वाट सोडून ती तुमच्या जाळ्यात आली, तर जहर मीच कालवीन."

रोज तिच्या निम्म्या चिंबोऱ्या जाऊ लागल्या, पण जाळी शाबूत राहिली. धर्मा दिसला की ती मुद्दाम विचारायची, "काय रे, जाळं कसं हाय?" तो मान वळवून निघून जायचा. मला तिचा हेवा वाटे. साहेबांसमोर मी असा कधी उभा राहिलो नाही.

पाच-सहा वर्षांनी, ऐन पावसात काकी गेली. होड्या पुन्हा पाण्यात उतरल्यावर मी शिरगावला गेलो. टोपली आढ्यालाच असणार, विषाची गोष्ट पुन्हा निघाली असणार, असं धरून, आणि या वेळी भांडायचंच असं ठरवून.

खाडीच्या तोंडाशी धर्मा गुडघाभर चिखलात उभा होता. समोर टोपली, आत चिंबोऱ्या, झाकणाला तीच खिट्टी.

"बगताय काय, मास्तर," तो गुरकावला, "याद आमालापन हाय."