मी देवी झाले तेव्हा

पोलीस भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, तोंडावर आलं होतं. पुढची भरती कधी निघेल ते सरकारलाच ठाऊक. आणि नेमका तेव्हाच माझा गळा सुजला. ताप, मानेला दोन्हीकडे गाठी, थुंकी गिळायची तर डोळ्यांत पाणी. बाबांनी मारेगावहून ‘जरा पावरफुल’ गोळ्या आणल्या. बाबाच माझे कोच. रस्त्यावर मी पुढे, ते मोटरसायकलवर मागे, आणि वरून हॉर्न. “पाय उचल नं वं पोट्टे!”

गोळ्या पोटात गेल्या आणि अंगभर लाल पुरळ उठलं. आईने पाहिलं, हातातलं ताट खाली ठेवलं आणि चक्क मला हात जोडले.

“माता आली बाप्पा घरात!”

झालं! अंगावर पुरळ म्हणजे देवी आली, असं आमच्याकडे मानतात. दाराला कडुनिंबाचा पाला लागला. गोळ्या बंद, केस विंचरणं बंद आणि सगळ्यांत वाईट म्हणजे फोडणी बंद. माता असताना घरात तेल कडकडवलं तर ती कोपते म्हणे. आमच्याकडच्या माणसाला बिनफोडणीचं वरण म्हणजे जन्मठेपच. बाबा ते मुकाट गिळायचे आणि दाराशी येऊन अदबीने विचारायचे, “माय, पानी पेता का?” जन्मात त्यांनी मला असं विचारलं नव्हतं. मला हसू फुटायचं, पण हसलं की गळा दुखायचा. मग मला अजूनच राग यायचा.

ताप काही हटेना. एका सकाळी माझं डोकं फिरलं. उठून बसले आणि म्हटलं, “मी देवी हावो का नाही? मंग देवीचा हुकूम हाये. मले आत्ताच्या आत्ता वणीले दवाखान्यात न्या!”

आई गोंधळली. पण देवीला नाही कोण म्हणणार? बाबांनी मोटरसायकल काढली.

वणीच्या डॉक्टरीणबाईंनी घसा पाहिला, रक्त तपासलं, पोट दाबलं. म्हणाल्या, “माता नाही, मोनो आहे. विषाणूचा आजार. लाळेतून पसरतो. कोणाचं उष्टं पाणी प्यालीस?” ग्राउंडवरच्या आम्ही सगळ्या पोरी एकाच बाटलीला तोंड लावायचो. आता कोणाचं नाव घेऊ?

“त्या गोळ्यांचा यावर काही उपयोग नव्हता. उलट त्यांनीच हे पुरळ उठलं,” बाबांनी दाखवलेलं पाकीट पाहून बाई म्हणाल्या. मग माझ्या डाव्या बरगडीखाली बोट ठेवलं. “इथली प्लीहा सुजली आहे. पडलीस, धक्का बसला, तर फुटू शकते. जिवावर बेतेल. पाणी पी, झोप काढ. मी सांगेपर्यंत धावणं नाही, गोळाफेक नाही.”

घरी आल्या आल्या आईने मोहरी तडतडवली. देवीपण संपलं. मी मात्र चुलीपेक्षा जास्त धुमसत होते. वर्षभर घाम गाळला तो काय झोपा काढायला?

ताप उतरला तशी मी हट्टाला पेटले. “मले बरं वाटून राह्यलं बाबा. मी ग्राउंड देतो.”

बाबा रागावले नाहीत. “बरं. पह्यले विहिरीपर्यंत चालून दाखव. धावू नको, निस्ती चाल.”

विहीर हाकेच्या अंतरावर. अर्ध्यावरच मला बांधावर बसावं लागलं. ढसाढसा रडले. बाबा शेजारी मातीत टेकले.

“पोलीस झाली नाही तं काय होते?” ते म्हणाले. “मले पोरगी पाह्यजे.”

ग्राउंडच्या दिवशी तिकडे माझं नाव पुकारलं गेलं असेल. मी घरी गाढ झोपले होते. आई नंतर सांगत होती, बाबा सकाळपासून उंबऱ्यावर ठाण मांडून बसले होते. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणत होते, “हळू बोला नं बाप्पा. पोट्टी झोपली हाये.”