ट्यूबवर बसून गोरेगाव

आमच्या दादाने जीप शेणावर चालवली होती. कोणाला सांगितलं की हसतात, पण मी स्वतः त्या जीपमध्ये होते. म्हणजे शेणावर नाही, शेणाच्या गॅसवर. पण आमच्या अंधेरीच्या चाळीत सगळे शेणावरच म्हणायचे आणि आम्ही दोघं दुरुस्त करून करून थकलो, मग सोडून दिलं.

तर झालं असं. दादा मेकॅनिकचा कोर्स करून दीड-दोन वर्षं घरीच. बाबांची गिरणी बंद पडलेली, ते एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. त्यात एका एजंटने दादाला गल्फमधली नोकरी दाखवली, ट्रक दुरुस्तीची. आईने ऐकल्यापासून जेवण सोडल्यासारखंच केलं. शेवटी ठरलं की दसऱ्यापर्यंत इथे काही मिळालं तर जायचं नाही. दादालाही जायचं नव्हतं. त्याला विमानात बसायचं होतं फक्त, तिकडे उतरायचं नव्हतं, असं मला वाटतं.

गोरेगावला, आरेच्या रस्त्याला लागायच्या आधी, एक खाजगी तबेला होता. तिथल्या शेठची जुनी पेट्रोलची जीप होती, दुधाचे कॅन हॉटेलांत पोचवायला. दादा ती कधीमधी दुरुस्त करायचा. पेट्रोल परत महागलं आणि शेठ दिवसभर शिव्या घालत बसला. तिथेच मागे गोबरगॅसची टाकी होती, माणसांच्या जेवणापुरती. दादा म्हणाला, "शेठ, ह्या गॅसवर शेगडी पेटते, मग जीप का नाही चालणार?"

"चालवून दाखव," शेठ म्हणाला. "चालली तर पगारावर ठेवतो तुला. फुकट बडबड नको."

झालं. त्या दिवसापासून माझीपण वाट लागली. टायपिंगच्या क्लासवरून सुटले की बस पकडून थेट तबेला, कारण दादाला धरायला, बांधायला, ओढायला कोणीतरी हवं असायचं. गॅसला सडक्या अंड्यासारखा वास. तो जावा म्हणून दादाने लेथवरचा लोखंडाचा कीस गोळा करून एका डब्यात भरला आणि गॅस त्यातून सोडला. वास कमी झाला, पण तोपर्यंत आमच्या कपड्यांत बसला होता. एकदा बसमधला कंडक्टर मला म्हणाला, "ताई, तुम्ही खिडकीजवळ बसा ना, प्लीज." मी बसले. भांडायची ताकदच नव्हती.

तबेल्यात म्हशी धुणारी, दूध काढणारी माणसं राहायची, त्यांचं जेवण एक मावशी करायची. साताऱ्याकडची. आधी वर्षानुवर्षं चुलीवर करत होती, धुराने तिला असा खोकला लागला होता की म्हशी वळून बघायच्या, असं तीच सांगायची. गॅस आल्यावर खोकला गेला. ती दादाला रोज छळायची.

"काय रे विंजिनेर, म्हशीचं लायसन काढलंस का?"

"मावशी, आधी चहा दे."

"चहा शेगडीवर होतो. शेगडीचा गॅस तू नेणार. मग चहा तुझ्या जीपच्या नळकांड्यातून काढू?"

आम्ही हसलो. तेव्हा कोणालाच सुचलं नाही की ती मस्करी नाहीये.

गॅस भरायला दादाने ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूब मिळवल्या होत्या. टाकीवरच्या लोखंडी झाकणावर दगड ठेवायचे, गॅस दाबाने ट्यूबमध्ये जायचा, ट्यूब फुगल्या की जीपच्या मागे रचायच्या, तिथून एक पाइप इंजिनकडे. जीप पेट्रोलवर चालू करायची, गरम झाली की कॉक फिरवून गॅसवर. पण ट्यूबमधला गॅस आपणहून पुढे जाईना. दाब हवा ना.

"तू बस," दादा म्हणाला.

"कुठे?"

"ट्यूबवर."

मी बसले. कॉक फिरवला, जीप ठसकली, दोनदा नाचली आणि चालायला लागली यार. तबेल्यातली माणसं मागे धावली. मी वर, हुडाला डोकं लागेल एवढी वर, आणि जसजसा गॅस संपत होता तसतशी हळूहळू खाली येत होते. स्टेशनजवळच्या हॉटेलात कॅन उतरवले. परत येताना हायवेजवळ मी पार तळाला टेकले, तेव्हा दादाने पेट्रोलचा कॉक उघडला. त्याचा चेहरा मला आरशात दिसत होता. इतक्या महिन्यांत तो असा दिसला नव्हता.

परत आलो तर शेठ दाराशीच. "उद्यापासून दोन फेऱ्या, सकाळ-संध्याकाळ. आणि तू पगारावर."

मागे स्वयंपाकाच्या खोलीतून धूर येत होता. गॅस सगळा आम्ही नेलेला, टाकीचं झाकण खाली बसलेलं. मावशीने जुनी चूल पेटवली होती, लाकडं ओली. माणसं ताटल्या घेऊन बाहेर बसलेली. दादा म्हणाला, "शेठ, अजून एक टाकी बांधू. शेण भरपूर आहे."

"जागा कुठंय? आणि खर्च करायचा तर पेट्रोलच भरेन ना. चुलीवर करेल ती. आधी करायचीच की."

आठवडाभर आम्ही जीप चालवली. घरी अजून काही सांगितलं नव्हतं, दादा म्हणाला पक्कं होऊ दे. मी ट्यूबवर बसून फेऱ्या मारल्या, पाठीचा कणा ढिला झाला. खोकला तिसऱ्या-चौथ्या दिवशीच परत आला. मावशी आता मस्करी करत नव्हती, तेवढा श्वासच उरत नव्हता. दादा चहाला जायचा बंद झाला. शेवटी तिनेच त्याला हाक मारली.

"लपतोस काय रे? चालव तू. तुझी आई तुझ्या नोकरीची वाट बघत असेल. माझा खोकला काय, जुनाच आहे."

दुसऱ्या दिवशी दादाने शेठला सांगितलं की गॅसने इंजिन आतून खराब होतंय, नाही जमणार. शेठ चिडला. दादाने पाइप काढला, ट्यूबमधला उरलेला गॅस सोडला आणि आम्ही घरी आलो.

"नाही चालली गाडी," त्याने आईला सांगितलं आणि एजंटकडे गेला.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "चालली गं. मस्त चालली." आणि मग सगळं सांगितलं, मावशीचं, धुराचं, पगाराचं. आई भाकरी थापत होती. थांबली.

"तिला पोरं आहेत?"

"माहीत नाही."

"विचारायचं तरी," आई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

दादा दसऱ्यानंतर गेला. आई एअरपोर्टवर रडली नाही, आम्हीच रडलो. मग एके दुपारी ती न सांगता कुठेतरी गेली. संध्याकाळी आली तेव्हा तिच्या साडीला तबेल्याचा वास होता. मला लगेच कळलं.

"भेटलीस?"

"हो."

"काय म्हणाली?"

"काही नाही. बसलो. दोन मुली आहेत, गावाला असतात." आईने चपला काढल्या. "गॅसवर चहा केला तिने माझ्यासाठी. फार गोड करते."

मग ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी भात लावला.