पिशवीची राखण

हुपरीहून कोल्हापूरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत चांदीचे एक वयस्कर कारागीर बहुधा माझ्या शेजारी असतात. सराफाला द्यायच्या पैंजणांची पिशवी मांडीवर आणि तिचा बंद मनगटाला गुंडाळलेला. बस सुटताच ते घोरू लागतात. पण ब्रेक लागला की आधी हात पिशवी चाचपतो, मग डोळे उघडतात.

"झोपून उठलो तरी दमल्यागत हुतंय बघ पोरी. घरीबी तसंच. तुमच्या कॉलेजात काय सांगत्यात?" एकदा त्यांनी विचारलं.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे चाचरतच सांगितलं. काळजीनं अंगात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. झोपेतही ते उतरलं नाही, तर मेंदू गाढ झोपेत टिकत नाही, अर्धवट जागाच राहतो.

"म्हंजे मी झोपतोय आन् डोस्कं राखणीला बसतंय म्हण की." ते हसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बंद सोडला आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. वाटेत कितीतरी ब्रेक लागले, त्यांचा हात हलला नाही.

कोल्हापूर आलं. त्यांना उठवायला मी हात उचलला, तर पिशवीही उचलली गेली. बंद मीच नकळत माझ्या मनगटाला घट्ट गुंडाळला होता.