पोटाशी धरलेलं वजन

कुठलंही वजन उचलण्याआधी मावशी एक पाय पुढे टाकायच्या, गुडघ्यांत बसायच्या आणि क्रेट पोटाशी घेऊन सरळ उठायच्या. नव्या बायकांना सांगायच्या, "कमरंत वाकू नगं. लेकरू घेतीस तसं धर." बायका हसायच्या. मीही हसायचो.

कुपवाडच्या एका बेदाणा कारखान्यात मी सुपरवायझर होतो. मावशी तिथंच कामाला होत्या, मूळच्या आटपाडीकडच्या. नवरा गेल्यावर इथं खोली घेऊन राहिलेल्या. अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील. शाळा दोन इयत्ता, पण माणसाचं अंग कुठं मोडतं ते बरोबर ठाऊक.

बेदाणा निवडायचं टेबल बुटकं होतं. दिवसभर मान खाली घालून बायकांचे खांदे भरून यायचे. टेबल उंच करून द्या, असं मावशींनी मला सांगितलं. मी 'बघतो' म्हणालो आणि विसरलो. आठवड्यानं त्यांनीच पिशवीतून विटा आणल्या आणि टेबलाच्या पायांखाली सरकवल्या. कुणी शाबासकी दिली नाही. डोकं दुखतं म्हणून फडकं बांधून कामावर येणाऱ्या बायका मात्र कमी झाल्या.

मग बेदाणा धुवायचं नवं यंत्र आलं. त्याचं तोंड खांद्याच्याही वर. भरलेलं क्रेट तिथवर उचलून ओतायचं. पहिल्याच दिवशी मावशींनी मला बाजूला घेतलं. हात एवढे वर गेले की सगळा भार कमरेवर येतो, म्हणाल्या; उभं राहायला दोन पायऱ्यांचा लोखंडी ओटा करून द्या. मी मालकांकडे गेलो. सीझन झाल्यावर बघू, असं उत्तर मिळालं. तेच मी मावशींना सांगितलं आणि वर 'चार दिवस काढा' अशी माझी भर घातली. दुसऱ्यांदा विचारायला मी गेलोच नाही.

त्या यंत्रावर मी एका नुकत्याच बाळंतपणाहून परतलेल्या पोरीला नेमलं होतं. मावशींनी तिला टेबलाकडे पाठवलं आणि स्वतः तिथं उभ्या राहिल्या.

दहाव्या दिवशी क्रेट वर उचललेलं असतानाच त्यांची कंबर गेली. क्रेट बाजूला सोडलं आणि सांडलेल्या बेदाण्यात हळूहळू खाली बसल्या. मी त्यांना मोटारसायकलवरून दवाखान्यात नेलं. खड्डा आला की त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतायची. मणक्यातली गादी सरकली होती. आता वजन उचलायचं नाही, डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी मालकांनी अपघातांची नोंदवही माझ्यापुढे सरकवली. 'घरी पाय घसरून पडल्या,' असं तिच्यात लिहिलेलं आहे. अक्षर माझं आहे.

पुढच्या सोमवारी वेल्डर आला. जेवणाच्या सुट्टीआधी ओटा तयार होता.

दीड महिन्यानं भाऊ मावशींना कायमचं आटपाडीला न्यायला येणार होता, त्याच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेलो. त्या जमिनीवर अंथरुणात आडव्या होत्या. त्यांनी शेजारणीला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं, एकेका बाईची चौकशी केली. मग विचारलं, "वटा केला का?"

"केला."

"लय दिस लागलं असतील."

"हो," म्हटलं, "महिना लागला."

"मग तुमी तरी काय करणार, सायेब," मावशी म्हणाल्या.

चहा आला. मी तो सगळा प्यालो.